विजेवर चालणारी छोटी होडी

चार-सहा माणसांना घेऊन नदीत फिरणारी विजेची होडी पेट्रोलच्या मोटारगाडीपेक्षा वयाने मोठी आहे. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत विजेच्या घटांवर होडी चालवून दाखवली. १८८१ मध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या सेन नदीत सुकाणूलाच मोटर जोडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस थेम्स नदीवर भाड्याच्या विजेच्या नौका फिरू लागल्या. पुढे पेट्रोलच्या इंजिनाने त्यांना मागे सारले, तरी बव्हेरियातील क्योनिगसे सरोवरावर १९०९ पासून विजेच्याच नौका प्रवाशांची ने-आण करीत आल्या आहेत.

पेट्रोलची सरशी होण्याचे कारण वजनात आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट ऊर्जा असते, तर एक किलो शिशाच्या बॅटरीत युनिटचा जेमतेम तिसावा हिस्सा मावतो. त्यामुळे ही होडी चालवणे म्हणजे मुख्यतः वेग आवरणे होय. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून वेग निम्मा केला की शक्ती एक अष्टमांश पुरते, आणि तेच अंतर कापायला दुप्पट वेळ लागत असला तरी एकूण ऊर्जा चौथा हिस्साच खर्च होते. पाण्यालगतची लांबी सहा मीटर असलेली होडी ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास पोहोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि तेथून पुढे ओतलेली वीज बहुतांशी लाटा मोठ्या करण्यातच जाते. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा आणि निमुळता, लांबट तळ यांनाच म्हणून या होडीत खरी किंमत आहे.

निगा राखण्यात सर्वाधिक लक्ष बॅटरीला द्यावे लागते. शिशाच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडलेल्या असतात. वीज वापरली जाते तसे आम्ल पट्ट्यांत शिरते व द्रव पातळ होतो, म्हणून त्याची घनता पाहून शिल्लक वीज ताडता येते. हे काम हायड्रोमीटर करतो : रबरी फुग्याने द्रव काचनळीत ओढला की आतला तरंगक १.२८ च्या जवळपास थांबल्यास घट भरलेला समजावा आणि १.१२ च्या आसपास आल्यास रिकामा. प्रत्येक घट स्वतंत्रपणे तपासण्यात या साधनाचे महत्त्व आहे, कारण सारे घट एकसारखे असताना एकच मागे पडला तर एकूण व्होल्टेज ती उणीव झाकून ठेवू शकते. निम्म्याहून अधिक वीज वारंवार उपसली, किंवा रिकामी बॅटरी तशीच ठेवून दिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात व क्षमता कायमची घटते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून बॅटरीचा कप्पा हवेशीर हवा. द्रव कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि तेही चार्जिंग पुरे झाल्यावर, एरवी द्रव फुगून आम्ल बाहेर सांडते.

लिथियम बॅटरीने यातील बराच व्याप वाचवला. केरळात वैकमच्या घाटावरून २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही सौर प्रवासी नौका अशाच बॅटरीवर चालते. मात्र लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या घटाचे व्होल्टेज अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहत असल्याने ते पाहून साठा कळत नाही. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवणारे यंत्र येथे अनिवार्य ठरते.