जहाजाचा ‘टन’

भूगोलाच्या पाठात जहाज आले की त्यामागोमाग ‘टन’ हा शब्द हटकून येतो. टन म्हणजे एक हजार किलोग्रॅम, हे विद्यार्थ्यास पाठ असते. साहजिकच ‘दहा हजार टनांचे जहाज’ म्हणजे तेवढ्या वजनाचे, किंवा तेवढा माल वाहणारे, असा अर्थ तो करतो. आणि शिक्षकही पुष्कळदा तेवढेच सांगून मोकळे होतात. वस्तुतः जहाजाच्या बाबतीत हा शब्द कधी वजनाचा वाचक असतो, तर कधी पोकळीचा.

याचे मूळ पिंपात आहे. मध्ययुगात फ्रान्समधून इंग्लंडात द्राक्षमद्य जाई, ते ‘टन’ नावाच्या मोठ्या लाकडी पिंपांतून. जहाजात अशी किती पिंपे मावतात यावरून त्याचा आकार सांगत. पुढे वजनाच्या मापासही तेच नाव रूढ झाले. मराठी मुलखातील खंडीचे असेच नव्हते काय? धान्य मापावयाची खंडी, वजनाचीही खंडी. आणि मेंढ्या मोजताना वीसांची खंडी निराळीच!

1854 च्या ब्रिटिश कायद्याने 100 घनफूट पोकळी म्हणजे एक ‘रजिस्टर टन’ असे ठरले. हे मुलांस समजावून देण्यास वर्गाची खोलीच पुरे. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद व दहा फूट उंच खोली तीन हजार घनफुटांची, अर्थात तीस टनांची. मुले घरी गेली तरी ती तीस टनांचीच राहते.

युद्धनौकेचा टन मात्र वजनाचा. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. त्या पाण्याचे वजन तेच नौकेचे वजन. काठोकाठ भरलेले पातेले परातीत ठेवून त्यात खडे घातलेली वाटी अलगद तरंगत सोडावी. सांडलेले पाणी आणि खड्यांसह वाटी निरनिराळी तोलून पाहावी.

आता 1912 साली बुडालेले ‘टायटॅनिक’ 46,328 टनांचे, आणि 2022 साली नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ सुमारे 45,000 टनांची, हे आकडे शेजारी मांडले तर दोन्ही जहाजे जवळजवळ सारखी वाटतील. परंतु पहिला आकडा पोकळीचा आहे व दुसरा वजनाचा. वजनाने टायटॅनिक बावन्न हजार टनांहून अधिक भरत असे.

तिसरा टन भारक्षमतेचा. त्यात मालाखेरीज इंधन, पिण्याचे पाणी, शिधासामग्री व खलाशी हे सारे येतात. म्हणून ‘दहा हजार टनांच्या जहाजात पन्नास किलोंची किती पोती मावतील?’ हे उदाहरण फळ्यावर घालणेच चुकीचे. दोन लक्ष हे उत्तर गुणाकाराने बरोबर येईल, पण तो टन कोणता हेच त्यात सांगितलेले नाही. शिवाय माल कोणता, हेही पाहावे लागते. कापसाने पोकळी आधी भरते. गोव्याच्या लोहखनिजाने पोकळी बरीच रिकामी असतानाच जहाज आपल्या भाररेषेपर्यंत पाण्यात बसते.

1969 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, जो 1982 पासून अमलात आला, रजिस्टर टनाची जागा ‘ग्रॉस टनेज’ने घेतली. तोही पोकळीवरूनच, एका सूत्राने काढतात. परंतु तो नुसता अंक असून त्यास एकक नाही. तेव्हा त्या अंकापुढे ‘टन’ लिहू नये.