अण्णांची लॅम्ब्रेटा

आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक जुनाट करड्या रंगाची स्कूटर अधूनमधून उभी असलेली आपण पाहिली असेल. ‘हे कोणते मॉडेल?’ पासून ‘भंगारात किती येतील?’ पर्यंत नाना प्रश्न तिच्याविषयी माझ्या कानांवर आले आहेत. पहिल्या वर्षी मला या प्रश्नांची एवढी लाज वाटे की मी ती प्रवेशद्वाराबाहेर पिंपळाखाली लावून पायी आत येत असे. ही स्कूटर लॅम्ब्रेटा, जन्माने इटालियन, आणि ती आमची आहे. ती पिंपळाखालून टाकीपर्यंत कशी आली, हे सांगायचे तर आधी तिचे कूळ सांगितले पाहिजे.

इटलीतील मिलान शहरात लांब्राते नावाचा भाग आहे. जवळून लांब्रो नदी वाहते. तेथे फेर्दिनान्दो इन्नोचेन्ती या उद्योजकाचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. इमारती बांधताना ज्या परांच्या उभारतात, त्यांच्या नळ्या ही त्याची ख्याती. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपले तेव्हा लोकांजवळ मोटार घेण्याइतका पैसा नव्हता, पण कामावर जायला वाहन तर हवे होते. ही गरज ओळखून पियाज्यो कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ आणली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, इन्नोचेन्तीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली.

या दोन स्कूटरी वरवर सख्ख्या बहिणी दिसल्या, तरी त्यांचे सांगाडे अगदी निराळे आहेत. व्हेस्पा रचणारा कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता. त्याने वेगळा सांगाडा ठेवलाच नाही. वाकवलेला पत्राच सगळा भार घेतो. आपल्याकडच्या जुन्या बजाज स्कूटरी याच वंशातल्या. त्यांचे इंजिन मागच्या चाकाच्या एका बाजूला असते. लॅम्ब्रेटाच्या पोटात मात्र जाड पोलादी नळी आहे. हँडलखालून ती पायाशी उतरते आणि मागे जाऊन इंजिनाला आधार देते. इंजिन मधोमध, सिलिंडर आडवा. बाजूचे पत्रे काढून ठेवले तरी गाडी चालते, कारण ते केवळ झाकण आहेत. नळ्या करणाऱ्याने स्कूटर करायला घेतली, तेव्हा ती नळीवरच उभी केली, यात नवल ते काय!

आमची गाडी इटलीतून आलेली नाही. मुंबईच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ या कंपनीने १९५०च्या दशकात लॅम्ब्रेटाची येथे जुळणी सुरू केली आणि पुढे ती येथेच बनू लागली. आमची १९७३ सालची, एकशे पन्नास सीसीची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आठवड्याच्या चार बाजारांत तयार कपडे विकतात. त्यांनी ती १९९१ साली एका निवृत्त तलाठ्याकडून घेतली. सपाट फूटबोर्डवर कपड्यांचे दोन गठ्ठे उभे राहतात आणि मागच्या सीटवर तिसरा बांधता येतो, एवढा एकच विचार त्यांनी गाडी घेताना केला होता.

आता माझ्या चुकीची कथा. चार-स्ट्रोक इंजिनात तेल निराळे भरलेले असते. लॅम्ब्रेटाचे इंजिन दोन-स्ट्रोक. येथे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीतून जाते आणि मग सिलिंडरात चढते. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. त्या तेलावरच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन जगतात. लिटरला चाळीस मिलिलिटर, हे आमच्या घरचे माप. गेल्या वर्षी पावसाळ्यात मी घाईत दोन लिटर पेट्रोल भरले आणि तेलाची बाटली पिशवीतच राहिली. परत येताना खिंडीच्या चढावर इंजिनाचा आवाज चिरका झाला आणि मागचे चाक एकाएकी जखडले. हाताने क्लच दाबला म्हणून पडले नाही. गाडी घरापर्यंत ढकलत आणली.

मेस्त्रींनी सिलिंडर उघडून पिस्टन माझ्या हातावर ठेवला. त्यावर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. “ताई, हे बिनतेलाचं पेट्रोल,” एवढेच ते बोलले. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायला साडेचार हजार रुपये लागले आणि अण्णांचे दोन बाजार बुडाले. अण्णा मला एका शब्दानेही रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले.

मग मी दर रविवारी गॅरेजात जाऊन बसू लागले. इंजिनाला जोडलेला पंखा सिलिंडरवर वारा घालतो. म्हणून त्यावरचे आवरण काढून गाडी चालवू नये. इंजिनाची शक्ती तेलात बुडालेल्या दुहेरी साखळीने गियरपेटीकडे जाते आणि मागचे चाक थेट त्या पेटीच्या दांड्यावर बसते. गियर डाव्या मुठीत, ते वळवून बदलायचे. हे सगळे मी तेथे शिकले. मेस्त्री सातवीपर्यंत शिकलेले आहेत, पण इंजिन नुसते ऐकून त्यांना दोष कळतो. टिपण मात्र कधीच देत नाहीत. “हात लावून बघ,” एवढेच म्हणतात.

इटलीत लॅम्ब्रेटा बनणे १९७१ साली थांबले. तेथील यंत्रसामग्री भारत सरकारच्या लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ कंपनीने विकत घेतली आणि तिच्यावर ‘विजय सुपर’ तयार झाली. ती कंपनीही बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. पण या यंत्रांचे चाहते जगभर आहेत. दिवाळीपूर्वी असाच एक गृहस्थ आमच्या दारात आला आणि गाडीचे चाळीस हजार देऊ केले. माझे पुढच्या वर्षाचे शुल्क, खोलीचे भाडे, सारे त्यात निघाले असते. अण्णा म्हणाले, “तूच ठरव. आता ती तुला जास्त कळते.”

मी दोन दिवस विचार केला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, हेही वाचले. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मान मिळणार, पण बाजार बंद होणार! धूर तिचा निळा येतो, फेरनोंदणीचा आणि पर्यावरण कराचा खर्च आहे, हे मला मान्य आहे. तरीही मी अण्णांना ‘नको विकायला’ असे सांगितले. लोकांनी कामावर जावे म्हणून जी गाडी जन्मली, ती अजून कामावर जाते आहे. माझ्या शुल्कासाठी अण्णांनी एक बाजार वाढवला, आणि त्या दिवशी गठ्ठे बांधायला पहाटे मीही उठते.

गाडीला बाजार नसेल त्या दिवशी मी ती महाविद्यालयात आणते आणि टाकीशेजारीच लावते. कोणास पाहायची असल्यास मधल्या सुट्टीत जरूर यावे. पत्रा काढून नळी दाखवीन. मात्र किक मारण्यापूर्वी पेट्रोलमध्ये तेल आहे का, ते मला आधी विचारावे.