खिशात २७ सेंट

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवविवाहित जोडपे जुनी मिनीव्हॅन घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघाले. तुर्कस्तान, इराण करत काबूलला पोहोचल्यावर गाडी विकून टाकली. पुढचा प्रवास बस आणि रेल्वेने, मिळेल तसा. बालीहून एका शिडाच्या बोटीत जागा मिळवून ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत सिडनीला आले. तेव्हा दोघांकडे मिळून उरले होते २७ सेंट!

कसे आलात, किती खर्च झाला, हे जो तो विचारू लागला. म्हणून १९७३ मध्ये ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका त्यांनी स्वतःच काढली, पानेही घरीच जुळवून टाचली. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवास-मार्गदर्शकांच्या प्रकाशनसंस्थेची ही सुरुवात. भारतावरचे त्यांचे जाडजूड मार्गदर्शक १९८१चे.

तोवर युरोपातून भारतात येणारी ती खुश्कीची वाट मात्र जवळजवळ बंद झाली होती. १९७९ या एकाच वर्षात इराणमध्ये क्रांती झाली आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या.