इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग

इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग (संक्षेप: ईएफबी) हे वैमानिकांना उड्डाणासाठी लागणारे नकाशे, हस्तपुस्तिका आणि तक्ते छापील स्वरूपाऐवजी पडद्यावर उपलब्ध करून देणारे उपकरण आहे. वैमानिक ही कागदपत्रे पूर्वी ज्या जड बॅगेतून विमानात नेत, तिच्यावरून हे नाव पडले. हे उपकरण टॅबलेट किंवा लॅपटॉपसारखे सुटे अथवा कॉकपिटमध्ये कायमचे बसवलेले असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील टपाल विमानांचे वैमानिक एल्री जेपेसन यांनी धावपट्ट्या, अडथळे व मार्ग यांच्या नोंदी स्वतःच्या वहीत ठेवल्या होत्या. १९३४ पासून त्यांनी या माहितीच्या प्रती विकण्यास सुरुवात केली. पुढे असे नकाशे सुट्या पानांच्या जाड बांधणीत मिळू लागले. हवाई मार्गांविषयीची माहिती आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. त्यामुळे वैमानिकांना जुनी पाने काढून नवी पाने हाताने लावावी लागत. एखादे पान चुकल्यास कालबाह्य नकाशा वापरला जाण्याचा धोका असे.

विकास

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस फेडएक्सच्या वैमानिकांनी विमानाच्या कामगिरीची गणिते करण्यासाठी लॅपटॉप वापरले. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने २००२ मध्ये या उपकरणांसाठी मार्गदर्शक परिपत्रक काढले. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यावर हलके व तुलनेने स्वस्त साधन उपलब्ध झाले. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये आपल्या विमानांत छापील बॅगेची जागा आयपॅडला दिली. प्रत्येक बॅगेचे वजन सुमारे १६ किलोग्रॅम होते. ती वगळल्याने वर्षाला किमान ४ लाख गॅलन (सुमारे १५ लाख लिटर) इंधन वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता.

उपयोग

ईएफबीवर विमानतळांचे नकाशे, उड्डाण व अवतरणाच्या पद्धती, विमानाची हस्तपुस्तिका आणि तपासणी याद्या पाहता येतात. विमानाचे वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी यांवरून उड्डाणासाठी आवश्यक वेग व इंजिनाचा जोर काढता येतो. नवी माहिती एकाच वेळी सर्व उपकरणांवर पाठवता येते.

मर्यादा आणि सुरक्षितता

कागदावरील चूक बहुधा एका बॅगेपुरती राहते, तर सॉफ्टवेअरमधील दोष अनेक विमानांत एकाच वेळी प्रकटू शकतो. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या आयपॅडवरील नकाशांचे ॲप बंद पडल्याने अनेक उड्डाणांना विलंब झाला.

चुकीची माहिती भरली गेल्यास उपकरणाचे उत्तरही चुकीचे येते. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या उड्डाण ४०७ साठी लॅपटॉपमध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन वजन भरले गेले. परिणामी वेग आणि जोर अपुरा ठरला. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन जेमतेम हवेत उठले. ते सुखरूप परतले व जीवितहानी झाली नाही.

बॅटरी संपणे, उपकरण तापणे आणि लिथियम बॅटरीला आग लागणे हे अन्य धोके आहेत. त्यामुळे कागदाशिवाय उड्डाण करताना दुसरे उपकरण किंवा अन्य पर्यायी व्यवस्था ठेवली जाते. वजनासारखे महत्त्वाचे आकडे दोन्ही वैमानिकांनी स्वतंत्रपणे पडताळण्याची पद्धतही रूढ आहे.