काम कोणाचे घ्यावे, कोणाचे नाकारावे?

आपल्या वाडवडिलांचा व्यवसाय दुकान, पेढी, अडत आणि शेती यांभोवती फिरत असे. कोणता माल दुकानात ठेवायचा नाही, हे मुलगा गल्ल्यावर बसण्याआधीच शिकलेला असे. आज मात्र आपल्या घराघरांत असे तरुण-तरुणी आहेत, जे कोणतीच वस्तू विकत नाहीत. ते आपले कसब विकतात. कोणी जाहिरातीचा मजकूर लिहितो, कोणी संकेतस्थळे तयार करतो, कोणी चित्रफिती संपादित करतो, तर कोणी अनेकांचे हिशेब सांभाळतो. अशा मुक्त व्यावसायिकापुढे ‘काय विकू नये’ याहून अवघड प्रश्न उभा राहतो : ‘कोणासाठी काम करू नये?’

नोकरदाराला निदान वरिष्ठांच्या आदेशाची सबब असते. वकिलाची गोष्टही वेगळी. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार, विशेष कारण नसेल तर वकिलाने आलेले काम स्वीकारावे, अशी अपेक्षा असते. कारण आरोपीला वकील मिळाला नाही तर न्यायच थांबेल. परंतु जाहिरात न मिळाल्याने कोणाचा मूलभूत हक्क बुडत नाही. म्हणून मुक्त व्यावसायिकाच्या होकाराची आणि नकाराची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच असते.

तीन पायऱ्या

सर्वच कामे एका मापाने मोजता येत नाहीत. पहिली पायरी अशा कामांची, ज्यांत लेखनच खोटे असते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा त्यांतील एक. न वापरलेल्या वस्तूची स्तुती समाधानी ग्राहकाच्या नावाने लिहिणे, पैसे घेऊन विद्यार्थ्याचा प्रबंध लिहून देणे, न झालेल्या खरेदीची पावती तयार करणे ही त्याचीच आजची रूपे होत. येथे विचार करत बसण्याचे कारण नाही. ग्राहकाचा माल कितीही निर्दोष असो, दोष आपल्या लेखणीत उतरतो.

दुसऱ्या पायरीवर मजकूर खोटा नसतो, पण ज्यासाठी तो लिहायचा ती वस्तूच घातक असते. तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून त्याच नावाची वेलची पुढे करून मूळ मालाची आठवण जागती ठेवली जाते. अशा आडवाटेच्या जाहिरातींना २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंध केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. परंतु श्रावकाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सप्त व्यसनांत द्यूत पहिलेच आहे. ‘मी विकत नाही, फक्त चित्र काढतो’ हा बचावही टिकत नाही. आपल्याकडे कर्माचा विचार कृत, कारित आणि अनुमत अशा तिन्ही अंगांनी केला जातो, आणि दुसऱ्याला प्रवृत्त करणे हेच तर जाहिरातीचे कार्य आहे.

तिसरी पायरी संमिश्र कामांची. खरी कसोटी येथेच लागते. शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही पदार्थ देणाऱ्या हॉटेलाने कर्मचाऱ्यांच्या पगाराचे हिशेब ठेवण्याचे काम दिले, तर? त्याच हॉटेलाने मांसाहारी पदार्थाची आकर्षक जाहिरात मागितली, तर? ग्राहक एकच, पण कामे दोन आहेत. आपले कसब हिंसा वाढवण्यासाठीच मागितले जात आहे, की कोणत्याही व्यवसायाला लागते तसे ते सामान्य साहाय्य आहे, हे येथे पाहावे. दुसरे काम नाकारावेच. पहिल्याविषयी दोन विवेकी श्रावकांचे मत भिन्न असू शकते. ज्याने ते स्वीकारले त्याला उणे लेखणे अनेकांताला धरून होणार नाही.

‘मी नाही केले तरी दुसरा कोणी करीलच’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खराही असेल. पण जगातील पापाची बेरीज आपल्या हाती नाही. आपले मन, वचन आणि काया मात्र आपल्या हाती आहेत. व्रत त्यांच्यासाठीच असते.

नकाराची किंमत

नकाराला किंमत असते, हे मान्य करूनच पुढे जावे. घराचा हप्ता आणि मुलांचे शुल्क थांबत नाही. सचिन तेंडुलकर यांनी वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखूची जाहिरात केली नाही. त्यांच्यापुढे इतर अनेक जाहिराती होत्या. ज्याचे अर्धे उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येते, त्याचा नकार मात्र थेट घरखर्चावर येतो. म्हणूनच येथे अहिंसेच्या मदतीला परिग्रहपरिमाण येते. ज्याने गरजांची मर्यादा आधी आखली, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आणि एकाच ग्राहकावर संसार टांगला नाही, त्याला ‘नाही’ म्हणता येते. गरजा अमर्याद ठेवल्या, तर अहिंसेवर कितीही श्रद्धा असली तरी महिन्याअखेरीस ती डळमळते.

नकाराची रीतही सौम्य असावी. काम अंगावर घेण्यापूर्वीच नाही म्हणावे. अर्ध्यावर सोडल्यास समोरच्याचे नुकसान होते आणि दिलेला शब्द मोडतो. वस्तुस्थिती मागाहून कळली, तर आगाऊ रक्कम परत करून मोकळे व्हावे. ‘या प्रकारचे काम मी करत नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. उपदेशाची जोड नको. ग्राहकही कोणाचा तरी पिता, कोणाची तरी बहीण असतो. आपला विरोध कामाला असावा, व्यक्तीला नव्हे. केवळ ग्राहकाचा स्वभाव किंवा पक्ष आवडत नाही म्हणून दिलेल्या नकाराला नीतीचे नाव देऊ नये.

चातुर्मासात आपण हरितकायाचा, रात्रिभोजनाचा, एखाद्या आवडत्या पदार्थाचा नियम घेतो. मुक्त व्यवसाय करणाऱ्यांनी यंदा आणखी एक नियम घ्यावा : कोणती कामे स्वीकारणार नाही, त्यांची यादी घरच्यांशी बोलून कागदावर लिहावी. उत्पन्नाची झळ साऱ्या घराला बसणार, म्हणून निर्णयही साऱ्या घराचा असावा. मोठ्या रकमेचा प्रस्ताव समोर आल्यावर मन तटस्थ राहत नाही. नियम त्याआधीच घेतलेला बरा.