दुष्फेन पाणी आणि घरातील जुनी नळव्यवस्था : ऱ्हासाची कारणे व नूतनीकरणाची तत्त्वे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरांत १९७० व १९८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक घरांतील नळव्यवस्था जस्तलेपित लोखंडी नळांची, म्हणजे व्यवहारात ज्यांना 'जीआय पाइप' म्हणतात त्यांची, आहे. पुढे धरणाचे पाणी अपुरे पडू लागल्यावर याच नळांतून विंधन विहिरीचे पाणीही वाहू लागले. आज अशा घरांत नळाची धार बारीक होणे, सकाळचे पहिले पाणी तांबूस येणे, गिझर वारंवार नादुरुस्त होणे आणि भिंतीला ओल येणे ही लक्षणे सर्रास आढळतात. त्यावर प्रथम तोटी बदलली जाते, मग पंप बसविला जातो आणि अखेरीस भिंत फोडून नळ बदलले जातात. मात्र नव्या नळातूनही तेच पाणी वाहणार असते, याचा विचार या सर्व खटाटोपात क्वचितच होतो. नळ बदलण्यापूर्वी पाण्याचे व बिघाडाचे निदान का आवश्यक आहे आणि त्या निदानावरून नूतनीकरणाचे निर्णय कसे घ्यावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. दुष्फेनतेचे स्वरूप

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाणी दुष्फेन होते. बायकार्बोनेटमुळे येणारी दुष्फेनता उकळल्याने कमी होते, म्हणून ती अस्थायी; सल्फेट व क्लोराइड यांमुळे येणारी दुष्फेनता उकळूनही टिकते, म्हणून ती स्थायी होय. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दक्षिणेच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकातील खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असते. जमिनीत मुरणारे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी बनते, खडकाच्या भेगांतून झिरपताना ही द्रव्ये विरघळविते आणि विंधन विहिरीत येईपर्यंत दुष्फेन होते. धरणात साठणारे पावसाचे पाणी खडकाच्या सान्निध्यात तुलनेने कमी काळ राहते. त्यामुळे ते सहसा सुफेन असते.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पेयजलाची एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजल्यास, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत ती चालवून घेतली जाते. म्हणजेच पिण्यास चालणारे पाणी नळास व गिझरला मानवेलच असे नाही.

दुष्फेन पाणी व खारे पाणी यांतही भेद करावयास हवा. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मुख्य प्रश्न सोडियमयुक्त क्षारांचा आहे. अशा पाण्यात लोखंड गंजण्याची शक्यता अधिक असते आणि केवळ दुष्फेनता घालविण्याच्या उपायाने ती दूर होत नाही.

२. ऱ्हासाच्या दोन प्रक्रिया

जुन्या नळात दोन भिन्न प्रक्रिया एकाच वेळी चालतात. पहिली साका बसण्याची. बहुतेक क्षार उष्णतेने अधिक विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचे वर्तन मात्र याउलट आहे. पाणी तापले की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे राहतो. त्यामुळे साका सर्वप्रथम गिझरच्या कॉइलवर, नंतर गरम पाण्याच्या नळात आणि शेवटी थंड पाण्याच्या नळात दिसतो. या थराची उष्णतावाहकता तांब्याच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक कमी असते. कॉइलची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो, कॉइलचे स्वतःचे तापमान वाढत जाते आणि ती जळते.

दुसरी प्रक्रिया गंजण्याची. जस्ताचा लेप स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करतो. हा लेप संपला की लोखंड उघडे पडते व आतून गंजाच्या गाठी वाढू लागतात. काही प्रकारच्या, विशेषतः बायकार्बोनेटयुक्त, पाण्यात तापमान सुमारे ६० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यास जस्त व लोखंड यांचे विद्युतरासायनिक नाते उलटते; जस्ताचे रक्षण मिळण्याऐवजी लोखंडच आधी झिजू लागते. गरम पाण्याचा लोखंडी नळ थंड पाण्याच्या नळाआधी निकामी होण्यामागे हेही एक कारण असते.

साक्याचा पातळ व एकसंध थर गंजण्यास काही अंशी प्रतिबंध करतो. प्रत्यक्षात मात्र धरणाचे व विंधन विहिरीचे पाणी आलटून पालटून येते, थर ओबडधोबड बसतो आणि त्याखाली गंज चालूच राहतो. म्हणूनच जुन्या लोखंडी नळात आम्ल सोडून साका काढण्याचा उपाय धोक्याचा ठरतो. झिजून छिद्र पडलेली जागा अनेकदा त्या साक्यानेच बुजलेली असते. तो निघताच गळती सुरू होते.

३. अरुंद झालेल्या नळाचे गणित

आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या नळात सर्व बाजूंनी अडीच मिलिमीटरचा थर बसल्यास व्यास १० मिलिमीटर उरतो. क्षेत्रफळ मूळच्या ४४ टक्के राहते, पण प्रवाह त्याहून अधिक घटतो. हेझन-विल्यम्स सूत्रानुसार तेवढ्याच दाबाला वाहणारे पाणी व्यासाच्या सुमारे २.६३ व्या घातानुसार बदलते. म्हणजे येथे ते जेमतेम एक-तृतीयांश उरते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा धरल्यास ते आणखी कमी होते.

आपल्याकडील बहुतेक घरांत पाणी गच्चीवरील टाकीतून केवळ उंचीच्या दाबाने येते. १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. टाकीखालील पहिल्याच मजल्यावर ही उंची कित्येकदा ३ मीटरच असल्याने दाब ०.३ किलो इतकाच असतो. साक्याचा परिणाम वरच्या मजल्यावर आधी जाणवतो तो यामुळे. अशा स्थितीत दाबवर्धक पंप बसविल्यास धार तात्पुरती सुधारते. परंतु झिजलेल्या नळावरील ताण वाढून तो फुटण्याची शक्यताही वाढते.

४. निदान

निदानास महागडी साधने लागत नाहीत. १५ लिटरची बादली भरण्यास लागणारा वेळ टाकीजवळच्या व घरातील निरनिराळ्या नळांवर मोजावा. एकाच तोटीची धार बारीक असल्यास दोष बहुधा तिच्या जाळीत असतो. केवळ गरम पाण्याची धार बारीक असल्यास तो गिझर व त्यापुढील नळात शोधावा. दोन्ही धारा मंद असल्यास टाकीपासून येणारी मुख्य वाहिनी तपासावी.

त्यानंतर नळाचा एखादा सुटा होणारा तुकडा काढून त्याच्या आतील थरावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आल्यास थर प्रामुख्याने कार्बोनेटचा आहे. तांबूस गाठींवर काहीच परिणाम न झाल्यास तो गंज आहे. याच्या जोडीला प्रयोगशाळेतून एकूण दुष्फेनता, क्षारता, सामू, क्लोराइड व विरघळलेले एकूण घनपदार्थ यांचे मापन करून घ्यावे. धरणाच्या व विंधन विहिरीच्या पाण्याचे नमुने स्वतंत्रपणे द्यावेत.

५. नव्या नळाची निवड

थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी (भारतीय मानक ४९८५) आणि गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (भारतीय मानक १५७७८) किंवा पीपीआर (भारतीय मानक १५८०१) हे पर्याय आज सर्वत्र उपलब्ध आहेत. यूपीव्हीसी गरम पाण्यासाठी वापरू नये. प्लास्टिकचे नळ गंजत नाहीत आणि त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर साका सहजासहजी धरत नाही. मात्र गिझर, तोट्या व व्हॉल्व्ह यांना त्यापासून संरक्षण मिळत नाही.

पीव्हीसी नळांत पूर्वी स्थिरीकारक म्हणून शिशाची संयुगे वापरली जात. केंद्र शासनाने २०२१ मध्ये ती हटविण्यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. त्यामुळे जुना शिल्लक माल न घेता मानकचिन्हांकित नळ घेणे इष्ट होय.

सीपीव्हीसी उष्णतेने प्रसरण पावते. ५ मीटर लांबीचा सरळ नळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे १२ ते १४ मिलिमीटर लांबतो; म्हणून मार्गात वळणे ठेवावीत व नळ सिमेंटमध्ये घट्ट जखडू नये. गच्चीवरील नळांना उन्हापासून संरक्षण द्यावे. काही लोखंडी भाग तसेच राहणार असतील, तर प्रवाहाच्या दिशेने त्यांच्या आधी तांब्याचा नळ घालू नये. पाण्याबरोबर येणारे तांब्याचे सूक्ष्म अंश जस्तावर बसून त्याला खड्डे पाडतात.

६. बदलाचा क्रम व दक्षता

सर्व नळ एकदम बदलणे शक्य नसल्यास प्रथम गरम पाण्याची वाहिनी, नंतर टाकीपासूनची मुख्य वाहिनी व शेवटी थंड पाण्याच्या शाखा असा क्रम सामान्यतः योग्य ठरतो. प्रत्येक स्नानगृहासाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा व गिझर सहज सुटा करता येईल असे युनियन बसवावेत. निकामी नळ मुख्य वाहिनीपासून पूर्णपणे तोडावेत, कारण साचून राहिलेले पाणी दूषित होते. सांधे पक्के झाल्यावर दाबाची चाचणी घेतल्याखेरीज भिंत बुजवू नये.

यांतील सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा दुर्लक्षिली जाणारी दक्षता विजेची आहे. जुन्या घरांत पाण्याच्या लोखंडी नळालाच भूसंपर्कनाची (अर्थिंगची) तार जोडलेली आढळते. मधला एखादा भाग प्लास्टिकचा झाला की हा मार्ग तुटतो. गिझर पूर्ववत चालू राहतो, परंतु त्यात बिघाड झाल्यास विजेला जमिनीत जाण्यास वाट उरत नाही आणि ओल्या अंगाने तोटीला स्पर्श करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नळ तोडण्यापूर्वीच परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून स्वतंत्र भूसंपर्कन व गळतीविद्युत खंडक बसवून घेणे अनिवार्य मानावे.

७. मृदूकरण : लाभ व मर्यादा

आयन-विनिमय पद्धतीच्या यंत्रात कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येते. दर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेमागे पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ४०० मिलिग्रॅम दुष्फेनतेचे पाणी पूर्ण मृदू केल्यास लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. त्यामुळे पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याची वाहिनी यंत्रापासून वेगळी ठेवावी आणि मृदूकरण शक्यतो गिझरकडे जाणाऱ्या पाण्यापुरते करावे. जेथे हेही परवडत नाही, तेथे गिझरचे तापमान सुमारे ६० अंशांपलीकडे न नेणे, तो दरवर्षी साफ करणे आणि त्यातील मॅग्नेशियमचा दांडा झिजताच बदलणे हे अल्पखर्चिक उपाय उपयुक्त ठरतात.

समारोप

घरातील नळांचा ऱ्हास हा केवळ वयोमानाचा परिणाम नसून पाण्याचा स्रोत, तापमान व धातू यांच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे. म्हणून पाण्याची तपासणी, दोषाचे स्थान निश्चित करणे, विजेची सुरक्षितता आणि त्यानंतर नळांची निवड असा क्रम असावयास हवा. गृहनिर्माण संस्थांनी हा निर्णय एकेका सदनिकेवर न सोडता सामायिक टाकी व मुख्य वाहिनीपासून सुरुवात केल्यास खर्च विभागला जाईल. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांना दुष्फेनतेचे अनुमापन नवे नाही. परिसरातील घरांचे पाणी तपासून देण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतल्यास विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक आणि नागरिकांची गरज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतील.