पावसाळ्यातील ताप आणि अंगावरची काळी खपली

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. दिवसभर निंदण-खुरपण करून, धुणीभांडी करून थकलेल्या भगिनी त्यासाठी वेळ काढतात. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यातली एक भगिनी सलग तीन दिवस दिसली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, तिच्या आठ वर्षांच्या मुलाला आठ दिवसांपासून ताप आहे.

आम्ही घरी गेलो. गल्लीतल्या दवाखान्यात दोन इंजेक्शने झाली होती, एकदा सलाईनही लावली होती. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, असे दोन्ही रिपोर्ट होते. ताप मात्र हटत नव्हता. शेजारच्या एका बाईंनी “बाहेरचं काही असेल, उतरवून घे” असा सल्लाही देऊन ठेवला होता. नवव्या दिवशी मुलगा बरळू लागला. आम्ही चौघांनी त्याला ऑटोत घालून सरकारी रुग्णालयात नेले.

तिथल्या परिचारिकेने मुलाचे सगळे कपडे काढले. कानामागे, मानेवर, काखेत पाहिले आणि शेवटी जांघेत तिला हवे ते सापडले. विडीचा चटका बसावा तशी, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी खपली आणि भोवती लालसर कडा. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “मुलगा गवतात खेळतो का?” वस्तीमागचा मोकळा प्लॉट म्हणजे कमरेएवढे गवत आणि मुलांचे क्रिकेट! औषध सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला.

मुलाची आई नंतर आम्हाला म्हणाली, “दादा, अंग पुसताना ती खपली मी पाहिली होती. खरचटलं असेल म्हणून सोडून दिली.” तिचा दोष नव्हता. तिला कोणी सांगितलेच नव्हते. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा रोग कोणता?

या रोगाचे नाव स्क्रब टायफस. नावात टायफस असले तरी हा आपल्या ओळखीचा टायफॉईड नव्हे. गवतात व झुडपांत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म कीटकाच्या पिल्लाच्या चाव्यातून याचे जंतू माणसाच्या शरीरात शिरतात. हे पिल्लू एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे असते. ते डोळ्यांना सहसा दिसत नाही, चावताना दुखत नाही, म्हणून चावल्याचे कळतही नाही. उंदीर आणि चिचुंद्री यांच्या अंगावर ही पिल्ले जगतात. म्हणजे जिथे गवत वाढलेले आणि उंदीर माजलेले, तिथे या रोगाला जागा मिळते.

हा रोग नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर हजारो सैनिकांना त्याने अंथरुणाला खिळवले होते. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याचे अनेक रुग्ण आढळले, काही दगावलेही. तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव पहिल्यांदाच अनेकांच्या कानावर पडले. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात दर पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले दगावत. गेल्या दशकात तेथे तपासण्या झाल्या तेव्हा त्या आजाराच्या मुळाशी मोठ्या प्रमाणावर हाच स्क्रब टायफस असल्याचे दिसून आले. ज्या रोगावर साधे औषध आहे, त्याने मुले जात होती.

आपल्या भागात ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत या रोगाचा जोर असतो. धानाचे निंदण, सोयाबीनची सवंगणी, जनावरांसाठी गवत कापणे ही कामे याच दिवसांतली. म्हणजे हा रोग गवतात राबणाऱ्याला आधी गाठतो. शेतमजूर, गवत कापणाऱ्या भगिनी, बागेत आणि रस्त्याकडेला काम करणारे सफाई कामगार, रेल्वेचे गँगमन आणि मोकळ्या प्लॉटवर खेळणारी मुले, ही सगळी आपल्याच घरातली माणसे आहेत. मात्र एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही. रुग्णाला वेगळे टाकण्याचे काही कारण नाही.

मुलांमध्ये कसा ओळखाल?

कीटक चावल्यावर साधारण ६ ते २१ दिवसांनी, बहुतेकदा १० ते १२ दिवसांनी, ताप येतो. तोवर मूल कुठे खेळले होते ते आपण विसरून गेलेलो असतो. ताप जोराचा असतो, हुडहुडी भरते. मोठे मूल डोके दुखते म्हणून सांगते. लहान मूल सांगू शकत नाही, ते नुसते किरकिर करते, खात नाही, मरगळून पडते. उलट्या होतात, पोट दुखते, खोकला येतो. काहींचे डोळे लाल होतात, काहींच्या चेहऱ्यावर वा पायांवर सूज येते. काही मुलांच्या छाती-पोटावर बारीक पुरळ उठते, पण सावळ्या त्वचेवर ते चटकन दिसत नाही. मान, काख किंवा जांघेत अवधाण येते, म्हणजे गाठ येते.

मूल झोपेतून उठेनासे झाले, बरळू लागले, झटका आला, श्वास भराभर चालू लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

मोठ्या माणसांमध्ये

मोठ्यांमध्ये ताप, कपाळ फुटेल असे डोकेदुखीचे ठणके आणि अंग मोडून येणे ही पहिली लक्षणे. पण मजुरी करणारा माणूस अंगदुखीला दुखणे मानीत नाही. रोजी बुडेल म्हणून तो गोळी घेऊन कामावर जातो. ताप थोडा उतरतो, पुन्हा चढतो. असे सात-आठ दिवस जातात आणि दुसऱ्या आठवड्यात रोग छाती, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर चाल करतो. धाप लागते, डोळे पिवळे होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो.

त्याच हंगामात शेजारच्या वस्तीतील एक मजूर बांधव गेले. दोन दवाखाने झाले, तिसऱ्या ठिकाणी पोहोचले तेव्हा श्वास पुरत नव्हता. अंत्यविधीपूर्वी त्यांना आंघोळ घालताना आम्ही होतो. कमरेला, जिथे पायजम्याचा नाडा बांधतात तिथे, तशीच काळी खपली होती. मुलाच्या जांघेतली खपली आम्ही नुकतीच पाहिली होती, म्हणून ती आम्हाला ओळखू आली. जिवंतपणी ती कोणाच्या नजरेला पडली नव्हती.

खपली कुठे शोधायची?

हा कीटक मऊ आणि घामट जागा शोधतो, किंवा जिथे कपडा अंगाला घट्ट बसतो तिथे थांबतो. म्हणून काख, जांघ, गुप्तांगाचा भाग, कंबरेचा नाडा किंवा परकराची गाठ, स्त्रियांमध्ये स्तनांखालची जागा, गुडघ्यामागची खोबण, मान, कानामागे आणि डोक्यात केसांखाली, सगळीकडे उजेडात पाहावे. खपली दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून रुग्ण आपणहून सांगत नाही. ओलसर जागी ती काळी न दिसता पिवळट जखमेसारखीही दिसते.

यात लाज आड येते. आपल्या भगिनी डॉक्टरांना अंग दाखवायला संकोचतात. त्यांनी घरीच आईला, बहिणीला, जावेला दाखवावे आणि खपली सापडली तर डॉक्टरांना तोंडी सांगावे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. खपली प्रत्येकाला असतेच असे नाही. खपली सापडली नाही म्हणून रोग नाही, असे समजू नये.

आईची नजर

अशाच जातीच्या दुसऱ्या एका रोगाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत लाइम नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या अनेक मुलांचे सांधे सुजत, अंगावर चट्टे उठत. पॉली मरे या गृहिणीच्या घरातही हेच चालले होते. डॉक्टरांनी तिचे म्हणणे मनावर घेतले नाही, पण ती लक्षणे लिहून ठेवीत राहिली. १९७५ साली तिने आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याकडे तक्रार केली. तपास झाला आणि एक बारीक गोचीड चावल्याने हा रोग होतो हे उघडकीस आले. गावाच्या नावावरून त्याला लाइम रोग म्हणतात. १९८२ साली त्याच्या जंतूचाही शोध प्रसिद्ध झाला. त्यात काळी खपली नसते. चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा उठतो, बरेचदा कड्यासारखा. उपचार राहिला तर पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, गुडघे सुजतात. तो रोग मुख्यत्वे अमेरिका-युरोपातला. पण त्याचा धडा आपल्या कामाचा आहे. आईने पाहिले, लिहून ठेवले आणि मोठ्या माणसांपुढे न दबता सांगितले, म्हणून रोग सापडला.

आपणही हेच करावे. वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, त्याआधीच्या तीन आठवड्यांत शेतात वा गवतात कुठे जाणे झाले, आतापर्यंत कोणती औषधे घेतली, आणि अंगावर खपली वा पुरळ दिसले का. हा कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. “साहेब, स्क्रब टायफस तर नसेल ना?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

औषध आहे, उशीर नको

या रोगाची रक्त तपासणी होते, पण आजाराच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून लक्षणांवरून संशय आला तर जाणकार डॉक्टर रिपोर्टसाठी थांबून न राहता उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन हे यावरचे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध. अॅझिथ्रोमायसिन हे दुसरे, गरोदर भगिनींना ते देतात. वेळेवर सुरुवात झाली तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. टायफॉईड वा न्यूमोनियासाठी दिली जाणारी कितीतरी महाग इंजेक्शने मात्र या जंतूवर चालत नाहीत. पैसा जातो आणि दिवसही जातात. हे वाचून मेडिकल स्टोअरमधून स्वतःच गोळ्या आणू नयेत. कोणाला कोणते औषध, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. तेव्हा खाजगी दवाखान्याचे बिल भरण्यासाठी दागिना गहाण टाकण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठावे. वस्तीतल्या आशा ताईला सांगितले तर तीही मदत करते.

राहिला प्रश्न उतारे-धुपाऱ्यांचा. १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला त्या अंधारातून बाहेर काढले. आजही तापात मूल बरळू लागले की काही घरांत गंडा-दोरा निघतो, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही. बरळणे ही बाहेरची बाधा नव्हे. मेंदूपर्यंत ताप पोहोचल्याची ती खूण आहे. मांत्रिकाकडे घालवलेली एक रात्र मुलाच्या जिवावर बेतू शकते.

काय काळजी घ्यावी?

या रोगावर लस नाही. गवतात काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत किंवा बांधावीत. जेवायला, विसाव्याला थेट गवतावर टेकू नये, ताडपत्री वा सतरंजी टाकावी. धुतलेले कपडे गवतावर, झुडपावर वाळत घालू नयेत. कामावरून आल्यावर साबणाने अंग चोळून आंघोळ करावी, कामाचे कपडे गरम पाण्यात धुवावेत. मुले खेळून आली की त्यांचेही तसेच करावे. घराभोवतीचे गवत कापावे, खरकटे उघड्यावर टाकू नये, म्हणजे उंदीर कमी होतील. मोकळ्या प्लॉटवरचे रान काढण्यासाठी नगरपालिकेला वा ग्रामपंचायतीला वस्तीच्या सह्यांचा अर्ज द्यावा. आमच्या वस्तीने तो दोनदा दिला, तिसऱ्यांदा प्रत्यक्ष जाऊन बसलो, तेव्हा कुठे प्लॉट साफ झाला.

पावसाळ्यात हिरवे गवत आणि त्यातले बारीक जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून तथागतांनी भिक्खूंना एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आपल्याला मात्र पोटासाठी त्याच गवतात उतरावे लागते. म्हणून वर्षावासाचे हे तीन महिने विहारात आरोग्याचेही बोलणे व्हावे. विनयपिटकात प्रसंग आहे, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली. आजाऱ्याची सेवा हाही धम्मच आहे. महिला मंडळाने आठवड्यातला एक दिवस ठरवून तापाचे रुग्ण असलेल्या घरी जावे, तापाच्या तारखा विचाराव्यात, खपली पाहायला सांगावी.

ज्या भगिनीच्या मुलापासून हा लेख सुरू केला, ती आता हेच काम करते. वस्तीत कोणाच्या मुलाला तीन दिवसांवर ताप गेला की ती हातात टॉर्च घेऊन त्यांच्या दारात उभी असते. मागील पावसाळ्यात तिने एका आजीच्या मानेवर, केसांखाली, ती खपली शोधून काढली. आजी आज वाचनाला पहिल्या रांगेत बसतात.

जयभीम!